हळदीची टेप

“येऊन राहिली वं माय, रागिणी येऊन राहिली!”

खुशालरावांच्या ओसरीवर दाटीवाटीनं बसलेली माणसं एकदम उभी राहिली. मागच्यांना दिसेना म्हणून कोणी बैलगाडीच्या जुवावर चढलं, कोणी खिडकीच्या गजांना लोंबकळलं. समोर टेबलावर कॉम्प्युटर. शेजारी पाटावर व्हिडिओ कॅमेरा, त्यावर लाल रुमाल. कॅमेऱ्यातून निघून कॉम्प्युटरच्या पाठीत शिरणारी काळी वायर, तिला हळदकुंकू लावलेलं आणि मधोमध एक लिंबू बांधलेलं. वायरीला लिंबू! मी पंधरा वर्षं लग्नांचं शूटिंग केलं, वायरीला चिकटपट्टी लावली, वेळप्रसंगी दातांनी सोलली, पण लिंबू काही मला सुचलं नव्हतं.

ते सुचलं विद्युतानंद महाराजांना. भगवी लुंगी, छातीवर रुद्राक्ष, मनगटात दोन घड्याळं. एक घड्याळ आपलं आणि दुसरं म्हणे परलोकाचं.

“आत्मा म्हंजे काय?” महाराज गरजले. “सिग्नल! देह म्हंजे काय? टीव्ही! टीव्ही फुटला म्हणून सिग्नल मरते का? नाही मरत! तो फिरूनच राहते. पकडणारा पाहिजे!”

“खरं हाय, महाराज!” माणसं म्हणाली.

“वायर लावली. दिसते काही? नाही दिसत. कॉम्प्युटर निर्जीव हाय, त्याले आत्म्याची ओळख नाही. ते मी पटवून देतो.” महाराजांनी डोळे मिटले, हात लाल रुमालाखाली घातला, तीनदा ‘फट् फट् फट्’ केलं, आणि कॉम्प्युटरमधून आवाज आला: टुंग! पडद्यावर चौकट उघडली आणि चित्र सुरू झालं.

चित्र होतं मागच्या महिन्यातल्या कीर्तनाचं. खुशालराव आणि गोदाबाई यांची एकुलती एक लेक रागिणी लग्नानंतर सहाव्या महिन्यात काविळीनं गेली. तिच्या वर्षश्राद्धाला याच ओसरीवर कीर्तन झालं आणि दर्यापूरच्या व्हिडिओवाल्या अमोलनं त्याचं शूटिंग केलं होतं. पडद्यावर शेवटची आरती चालू झाली. कापराचा धूर. टाळ. आणि एकाएकी चित्राला आडव्या पट्ट्या पडल्या. एका पट्टीत आरतीची माणसं, दुसऱ्या पट्टीत रागिणी. पिवळी साडी, तोंडाला हळद, हात वर आणि बोट समोर रोखलेलं. बोटाच्या टोकाला, आरतीच्या पट्ट्यांत, खांबाला टेकून बसलेली पार्वताबाई.

पार्वताबाई म्हणजे खुशालरावांची विधवा वहिनी. रागिणी तिला मोठीमाय म्हणायची.

आरती संपली, महाराजांनी खूण केली आणि अमोलनं टेप थांबवली.

“तिसऱ्यांदा पाह्यलं तुमी,” महाराज हळू आवाजात म्हणाले. “पोरगी मुक्यानं सांगून राहिली, कोणी करणी केली ते. येत्या सोमवारी, दोनच्या आत, या बाईनं घर अन् गाव सोडलं पाहिजे. नाही तर या घरातला आणखी एक सिग्नल जाईल!”

पार्वताबाई खांबापाशीच बसली होती, चित्रात होती तशीच. “मी?” ती म्हणाली. “मी तिले न्हाऊमाखू घातलं. गोदाबाई, मी करणी करीन वं?”

गोदाबाई पडद्याकडेच पाहत होत्या. खुशालरावांनी मान खाली घातली. कोणीच काही बोललं नाही.

मीही नाही. आता तुम्ही विचाराल, देवराव, तू तर लिंबातून रक्त कसं काढतात ते चारचौघांत करून दाखवणारा माणूस, बाबालोकांना तोंडावर भामटे म्हणणारा, मग तू काहून गप्प? तर त्याचं कारण सांगतो. माझं लक्ष अमोलच्या गळ्यातल्या हाराकडे होतं.

झेंडूचा, गुडघ्यापर्यंत आलेला हार! दर्यापुरात माझ्या दुकानासमोर दोन वर्षांपूर्वी या पोरट्यानं दुकान टाकलं. त्याच्याकडे नवा कॅमेरा, त्याच्याकडे घरचा कॉम्प्युटर. आम्ही टेपा घेऊन एडिटिंगला अकोल्याला धावायचो, हा घरी बसून लग्नात गुलाबाच्या पाकळ्या उडवायचा. त्यात दोन हजार सहाचं ते साल. कापसाला भाव नाही, लग्नं उरकण्यापुरती, व्हिडिओ सांगणारं घर दहात एक, आणि ते एकही अमोलकडे. माझ्या स्टँडचा एक पाय जरासा आखूड आहे, त्यामुळं माझं चित्र डावीकडे झुकतं. “देवरावभाऊच्या व्हिडिओत नवरदेव उतारावर उभा रायते,” असं हा चौकात सांगायचा आणि माणसं पोट धरून हसायची. हेवा म्हणा, जळफळाट म्हणा, माझ्या पोटात दोन वर्षं निखारा होता. आणि आता तर याच्या कॅमेऱ्यात मेलेली माणसं येऊ लागली! अंजनगावपासून माणसं जीप करून येत होती. माझ्या कॅमेऱ्यात जिवंत माणूस यायला तयार नाही.

म्हणून मी त्या दिवशी पडद्याकडे डोळे फाडून पाहत होतो. चूक शोधत होतो. आणि ती सापडली. आरतीच्या पट्ट्या सरळ होत्या. रागिणीच्या पट्ट्यांतला मांडवाचा खांब डावीकडे झुकलेला होता.

चित्र माझं होतं!

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं अकोला गाठलं. जठारपेठेत सबीहाताईंचा कॉम्प्युटर क्लास आहे. माझं एडिटिंग त्याच करायच्या. बाई मोठ्या शांत, पण एकदा प्रश्न विचारायला लागल्या की सुटका नाही.

मी पाहिलं ते सगळं सांगितलं. त्या हसल्या. “भाऊ, कॅमेरा कॉम्प्युटरले दिसत नसला की मी पहिले काय पाहते? कॅमेरा चालू हाय का. मग बटण कुठं हाय. मग वायर. मग कॉम्प्युटर. एका टायमाले एकच गोष्ट बदलायची. चार गोष्टी बदलल्या अन् चालू झालं, तर कशानं झालं ते समजतच नाही. लिंबू काढून पाह्यलं का कोणी?”

“नाही.”

“मंत्र न म्हणता पाह्यलं? रुमाल काढून?”

“नाही.”

“मग तो बुवा रुमालाखाली बटणच फिरवत असंल. बटण बंदवर असलं की कॉम्प्युटरले कॅमेरा दिसत नाही, पाह्याच्या जागेवर नेलं की टुंग वाजते. माह्या क्लासची पोरं रोज वाजवतात.”

“पण पट्ट्या?”

त्यांनी एक जुना कॅमेरा उघडून आतला चकचकीत गोल डबा दाखवला. त्याला दोन बारीक हेड असतात. टेपीवर चित्राच्या ओळी दोघं मिळून लिहितात, एक ओळ याची, एक त्याची. एका हेडवर धूळ किंवा धुराची काजळी बसली की त्याच्या ओळी लिहिल्याच जात नाहीत. तिथं टेपीवर आधीचं जे असेल ते तसंच राहतं.

“म्हंजे टेप कोरी नव्हती,” सबीहाताई म्हणाल्या. “वापरलेली होती. कोणाची होती, भाऊ?”

मी त्यांच्या भिंतीवरचं कॅलेंडर पाहू लागलो.

“भाऊ.”

सांगावंच लागलं. आमच्या धंद्यात घरच्यांना सीडी दिली की मूळ टेप आपल्याकडेच राहते आणि त्याच टेपीवर आम्ही पुढची तीन-चार कार्यं काढतो. कोणी विचारत नाही, आम्ही सांगत नाही. त्या साली हात तंगीत म्हणून मी वापरलेल्या टेपांचा डबाच, स्टिकरं खरडून, अमोलला विकला. त्यात चुकून रागिणीच्या हळदीची टेप गेली. तिची सीडी व्हायची होती. गोदाबाई विचारायला आल्या तेव्हा मी सांगितलं, “काकू, टेपच खराब निघाली.” त्याच टेपीवर अमोलनं कीर्तन काढलं. पट्ट्या दिसल्या तेव्हा त्याला समजलं असणारच, पण पोरीच्या वर्षश्राद्धाला जुनी टेप वापरली हे कबूल करायला त्याची जीभ रेटली नाही. तिसऱ्या दिवशी महाराज आले आणि त्याला हार मिळाला.

“मग सोमवारी उभं राहून सांगा,” सबीहाताई म्हणाल्या.

“माहा धंदा बसंल ना ताई!”

“अन् ते बाई कुठं बसंल?”

खरं सांगतो, लाज वाटते पण सांगतो. ते दोन दिवस मी पार्वताबाईचा विचार केलाच नाही. फक्त अमोल बुडेल आणि मी कोरडा राहीन अशी काही तोड निघते का, एवढंच घोळवत होतो. शेवटी ठरवलं की बटणाची युक्ती उघडी करायची. अमोल उघडा पडेल, बाबा पळेल, टेपीचं नाव काढायचं नाही.

सोमवारी बारा वाजता सबीहाताई आणि मी गावात उतरलो. माझ्या खांद्यावर माझा कॅमेरा आणि स्टँड होता, सवयीनं. दारात पार्वताबाईचं गाठोडं बांधून ठेवलेलं. एक लुगड्यांचं बोचकं, वर तवा. ती पायरीवर बसली होती आणि तिच्या जवळून जाणाऱ्या बाया अंग चोरून जात होत्या.

आत महाराज आकाशाकडे बोट दाखवून बोलत होते. त्यांना घाई नव्हती. दोनला भारनियमनाची लाईट जायची, तोवर किल्ला लढवायचा, मग अंधारलेल्या पडद्याकडे पाहून ‘आत्मा रुसला’ म्हणायचं, असा त्यांचा आजचा बेत.

“थांबा जी,” सबीहाताई पुढं झाल्या. “आज कॅमेरा मी लावते.”

“परक्या हातानं सिग्नल जळते!” महाराज ओरडले.

“मग गोदाकाकूच्या हातानं लावू. मायच्या हातानं नाही ना जळत?”

आता यावर महाराज काय बोलणार? गोदाबाई उठल्या. सबीहाताईंनी लिंबू सोडून कोनाड्यात ठेवलं, रुमाल घडी करून महाराजांच्या हातात दिला, वायर पुसून पुन्हा खोचली. “काही झालं? नाही. आता काकू, हे बटण. मधात हाय, म्हंजे बंद. तुमी फकस्त इकडं सरकवा. मंत्र नोको, काही नोको.”

गोदाबाईंनी अंगठ्यानं बटण सरकवलं. टुंग!

ओसरीवर हसू फुटलं. “बाप्पा! हे तर गोदाबाईलेबी जमलं!” पुंजाराम पाटील मांडीवर थाप मारून म्हणाले. सबीहाताईंकडे माणसं कौतुकानं पाहू लागली. आणि माझं मन काय म्हणालं असेल? म्हणालं, आणलं मी हिला आणि शाबासकी घेते ही! माणसाचा स्वभाव भर उन्हातल्या सावलीसारखा मागे येतो तो असा.

पण महाराज कच्च्या गुरूचे चेले नव्हते. “यंत्र कोणीबी चालवील!” ते कडाडले. “पण पोरगी कुठून आली? आं? कीर्तनात पोरगी कुठून आली? अन् बोट काहून दाखवते याच बाईकडं? सांगा! द्या उत्तर!”

हसू विझलं. माणसं पुन्हा त्यांच्याकडे वळली. खुशालराव उठले, दारापर्यंत गेले आणि पायरीवरच्या पार्वताबाईला म्हणाले, “वहिनी… जीप उभी हाय.”

पार्वताबाईनं तवा उचलला.

सबीहाताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या मला काहीच म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर मी भांडलो असतो.

“टेप माही हाय!” माझ्या तोंडून निघालं. “खुशालराव, थांबा! ते टेप माही हाय. हळदीची. खराब नव्हती झाली ते, मी विकली. अमोलनं तिच्यावरच कीर्तन काढलं.”

अमोलनं गळ्यातला हार काढला. मी हेड, धूळ, ओळी, सगळं भडाभडा सांगितलं. कोणाला काही समजलं असं वाटेना. तेवढ्यात खुशालराव दारातूनच सावकाश म्हणाले, “म्हंजे तिफणीची एक नळी बुजल्यावानी. दोन नळ्यांचं बी पडते, तिसरी ओळ कोरी रायते. अन् त्या ओळीत मागच्या साली सांडलेलंच उगवते.”

“हो जी! तसंच!”

सगळी ओसरी शेतकऱ्यांची. माना डोलल्या. मी पंधरा मिनिटांत जे सांगू शकलो नाही ते त्या माणसानं दोन वाक्यांत सांगितलं.

“पुरावा?” महाराज म्हणाले.

“कीर्तन संपते तिथं तुमी दरवेळी टेप थांबवता,” मी म्हणालो. “आज थांबवू नोका. पुढं नवं काही लिहिलंच नाही. पुढं सगळी माहीच टेप हाय.”

सबीहाताईंनी टेप चालू केली, पडद्यावर आरती सुरू झाली. धूर आला. पट्ट्या आल्या, रागिणीचा हात वर गेला, बोट रोखलं गेलं. आणि त्याच क्षणी पंखा घरघरत थांबला, पडदा काळा झाला. दोन वाजले होते.

“पाह्यलं!” महाराजांनी दोन्ही हात वर केले. “आत्मा रुसला!”

“लाईट गेली,” सबीहाताई म्हणाल्या. “कॅमेरा बॅटरीवर हाय.” त्यांनी कॅमेऱ्याच्या कुशीतला विड्याच्या पानाएवढा पडदा उघडला आणि तो गोदाबाईंच्या पुढ्यात धरला.

पंखा नाही, कूलर नाही, एवढ्या माणसांत कोणी खोकत नाही. चित्र क्षणभर फाटलं. मग पट्ट्या गेल्या आणि रागिणी सबंध दिसली. तिचा हात अजून वरच होता. आणि ती बोलली.

“मले नोका घेऊ भाऊ. तिकडं फिरवा ना क्यामेरा, मोठीमायले घ्या. पहाटपासून राबून राहिली, अन् एकाबी फोटोत नाही ते.”

गोदाबाईंच्या तोंडून कसलासा आवाज निघाला.

मग त्या इवल्याशा कॅमेऱ्यातून दुसरा आवाज आला. माझा. टेप विकली हे मला आठवत होतं, पण हे मी साफ विसरलो होतो.

“ताई, त्या विधवा हायेत. हळदीच्या टेपीत चालत नाही. अपशकुन होते.”

“कोणाले होते अपशकुन? हळद माही हाय ना? घ्या म्हणते!”

“हात खाली घ्या ताई, फ्रेमीत येऊन राहिला.”

आणि टेप बंद. मीच बंद केली होती तेव्हा.

दीडशे माणसं माझ्याकडे पाहत होती. बाबालोकांना भामटा म्हणणारा देवराव! लिंबातल्या रक्ताचं रहस्य सांगणारा देवराव! महाराजांनी त्या बाईला अपशकुनी ठरवलं ते आत्ता. मी दीड वर्षापूर्वीच ठरवून मोकळा झालो होतो, कोणी न विचारता, धंद्याची रीत म्हणून. मी मान वर करू शकलो नाही. महाराज तेवढ्यात मागच्या दारानं निसटले. पार्वताबाईसाठी उभी केलेली जीप त्यांच्या कामी आली.

अमोलनं हार मघाशीच काढून ठेवला होता. “भाऊ, मलेबी ठावं होतं टेप जुनी हाय,” तो माझ्याजवळ येऊन पुटपुटला. “सांगायची हिंमत नाही झाली.” दोन वर्षांत पहिल्यांदा मला त्याचा राग आला नाही.

पार्वताबाई दारातच उभी होती, हातात तवा. “मी चुलीपाशी होती,” ती म्हणाली. “मले आयकूच नाही आलं, पोरगी असं बोलली म्हणून.”

गोदाबाई उठून तिच्याजवळ गेल्या. तिच्या हातातला तवा काढून घेतला. “बाई, मी तुमाले दाराबाहेर काढत होती वं!” म्हणाल्या आणि तिच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडल्या. बऱ्याच वेळानं मागं वळून मला म्हणाल्या, “देवरावभाऊ, तुमचा क्यामेरा हाय ना संगं?”

“हाय काकू.”

“मग लावा. पोरीनं सांगतलं होतं ना तुमाले?”

मी स्टँड उभा केला. दोघी जावा कॉम्प्युटरपाशी उभ्या राहिल्या, गोदाबाईंनी पार्वताबाईचा हात धरून ठेवला. चित्र डावीकडे झुकलं. कोणी हसलं नाही. उलट अमोलनं वाकून एक खापरीचा तुकडा आखूड पायाखाली सरकवला आणि ते सरळ झालं.

माझं दुकान त्यानंतर बसलं ते बसलंच. त्याचं मला काही नाही. हेवा मात्र अजून गेला नाही, फक्त माणूस बदलला. आता मला त्या पोरीचा हेवा वाटतो. अंगाला हळद लागलेली, भोवती सगळं गोत, आणि ती न भिता विचारते, कोणाला होतो अपशकुन? आम्हा शहाण्यांना एवढा साधा प्रश्न ऐकवायला तिला मरावं लागलं आणि टेपीतून परत यावं लागलं.

म्हणून सांगतो, मित्रांनो. उद्या तुमच्या गावात असा कोणी आला, तर भांडू नका, पाया पडू नका. लिंबू काढून पाहा. रुमाल उचलून पाहा. टेप तो जिथं थांबवतो त्याच्या पुढं चालवून पाहा, कारण तो तिथं उगीच थांबवत नाही. आणि हे सगळं करताना टेपीत तुमचाच आवाज निघाला, तर आवाज बारीक करू नका. सगळ्यांना ऐकू द्या.